दोन ग्रेन

इनास,

परवा तुला मातीत ठेवून आलो. मार्च अर्धा सरला तरी जमीन अजून कडक होती. खड्डा मशीनने खणून ठेवला होता, आणि मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा ढेकळं हातात फुटेनात. ती तशीच टाकली, तुझ्या पेटीवर खडखड वाजली. तू असतास तर म्हणाला असतास, "हळू रे, पॉलिश जाईल."

काल तुझ्या बेसमेंटमध्ये होतो. फिलू वहिनींनीच बोलावलं. तुझी लेक त्या बंदुकांच्या कपाटाकडे बघायलाही तयार नाही. "विनू अंकल, प्लीज, यू टेक देम. आय कान्ट स्लीप विथ दॅट स्टफ इन द हाउस," म्हणाली. तुझ्या ओळखीतला बंदुकीचं लायसन्स असलेला मराठी माणूस मी एकटा, त्यामुळे हे काम माझ्याकडेच येणार हे तुला कळत होतं. म्हणूनच तो डबा तू तिथे, डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवून गेलास का? कोण जाणे. गेले तीन दिवस मी तुझ्या प्रत्येक गोष्टीत हेतू शोधतोय आणि मला स्वतःचाच वैताग आलाय.

डब्याबद्दल सांगतो. पण तिथपर्यंत जायला मला वेळ लागेल. नऊ वर्षं लागली, अजून थोडी कळ काढ.

तुझ्या कामाच्या बाकावर सगळं जागच्या जागी होतं. काडतुसं भरायचा दांड्याचा प्रेस, तराजू, डब्या, आणि भिंतीवर मास्किंग टेपवर मार्करने लिहिलेलं तुझं ते वाक्य: धरून चालू नको, मोज. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते इथे नाही, कॅनडात आल्यावर केंब्रिजच्या कारखान्यात, गाड्यांचे पत्रे दाबायचे साचे बनवणाऱ्या आपल्या टूलरूममध्ये. नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते. माझ्या हातून एक साचा बिघडला आणि मी मराठीतून जे काही बोललो ते पलीकडच्या मशीनवरून तू ऐकलंस. "इतक्या स्वच्छ शिव्या वसई सोडल्यापासून ऐकल्या नव्हत्या," म्हणालास. मग साचा उचलून उजेडात धरलास.

"मोजलं होतंस?"

"बरोबरच असणार म्हटलं."

"असणार? धरून चालायचं नाही, भावा. मोजायचं."

मी नागपूरचा, डोक्याने गरम. दुसरा कुणी असता तर त्याला चार सुनावल्या असत्या. तुला नाही सुनावल्या, कारण तू लगेच विचारलंस, "रविवारी जेवायला येतोस? बायको फुगे तळणार आहे." त्या रविवारी गरम फुगे आणि मटण खाल्ल्यावर तू मला खाली नेलंस आणि बाकावर चार काडतुसं ओळीने उभी केलीस. तीनशे पंचाहत्तर, चारशे सोळा, चारशे अठ्ठावन्न, चारशे सत्तर. हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. कॅनडात हरणासाठी वापरतात ती काडतुसं त्यांच्यापुढे पेन्सिलीएवढी दिसत होती. "ही हत्तीची, सिंहाची, आफ्रिकेतल्या रानरेड्याची," तू म्हणालास. "जो पळून जात नाही, उलटून अंगावर येतो, त्याच्यासाठी."

मी त्यातलं एक हातात घेऊन बघितलं. मधल्या बोटापेक्षा लांब, वजनदार. विचारलं, या जुन्या काडतुसाची पितळी पुंगळी एवढी मोठी कशाला, आत तर निम्मी जागा वाया जातेय. तू खूष झालास. असा प्रश्न विचारणारा माणूस तुला फार दिवसांनी भेटला होता. "ती जागा उन्हासाठी आहे," म्हणालास. आफ्रिकेच्या उन्हात आतली दारू तापते, तापली की जास्त जोर करते, पुंगळी आतून फुगून नळीत घट्ट बसते. मग बोल्ट, म्हणजे नळीमागची ओढायची खिट्टी, उघडत नाही. बोल्ट उघडला नाही तर दुसरी गोळी भरता येत नाही, आणि रेडा पहिल्या गोळीला क्वचितच पडतो. म्हणून जुन्या लोकांनी मोठी पुंगळी केली आणि जोर कमी ठेवला. तुला सेकंडहँड मिळालेली रायफल मात्र नव्या, आखूड चारशे सोळाची होती. तिच्यात तेवढी सवलत नव्हती. "हिच्यात दाणा न् दाणा बघून घालायचा," असं तू म्हणालास.

हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाच सांगू शकत नाही.

शिकारीवरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, हजारो मैल जाऊन एका जनावराला मारायचं, त्याने तुझं काय वाकडं केलंय? तू म्हणायचास, मटण खाताना हा प्रश्न तुला कसा पडत नाही रे. मग हळूहळू खरं कारण बाहेर आलं. पंचविशीत तू मामाच्या ओळखीने आफ्रिकेत, आरुशाला गेला होतास, एका शिकारी कंपनीच्या गाड्या दुरुस्त करायला. एलिया तिथे जनावरांचा माग काढायचा. पाच वर्षं तुम्ही दोघं एका खोलीत राहिलात. त्याने तुला गवतातलं पाऊल वाचायला शिकवलं, तू त्याला गिअरबॉक्स उघडायला शिकवलंस. गोरे साहेब गोळी घालायचे, पण त्यांच्या पुढे, बंदुकीशिवाय, चालायचा तो एलिया. तू कायम गॅरेजमध्येच राहिलास, त्याच्यामागून कधी चालला नाहीस. कॅनडात आल्यावरही ते तुझ्या मनातून गेलं नाही. आणि त्या वर्षी त्याचं पत्र आलं की हा माझा शेवटचा मोसम.

"तो रिटायर व्हायच्या आत एकदा त्याच्यामागून चालायचंय," म्हणालास.

"मग चाल की. रायफल कशाला?"

"तो रेड्याच्या मागावर असतो, विन्या, फुलपाखरांच्या नाही."

ऑक्टोबरचं ठरलं. आणि फेब्रुवारीत तू ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना पडलास. उजवं मनगट, कोपरापर्यंत प्लास्टर. हात पूर्वीसारखा होईल की नाही हे डॉक्टर धड सांगेना. तू चेहरा पाडून बसलास, तेव्हा मीच म्हणालो, काडतुसं मी भरतो. तू जरा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि वही काढून दिलीस. त्यात दारूचं वजन आणि गोळीचा वेग लिहिलेला होता, दोन उन्हाळे नेमबाजीच्या रेंजवर घालवून तू ते ठरवलं होतंस.

मी पाच भरली आणि शहराबाहेरच्या रेंजवर गेलो. उणे अठरा. माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. वेग मोजायचं यंत्र मांडलं, पाचही झाडली, आणि पाचही वेळा वेग तुझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा कमी आला. थंडीत दारू मंद जळते, बास, एवढंच कारण. मला ते सुचलं नाही असं म्हणू का? सुचलं होतं. पण वहीतला आकडा आणि यंत्रावरचा आकडा जुळत नाही हे मला बघवेना. तू म्हणशील विन्याच्या हातात काहीतरी कमी आहे, याचीही भीती होतीच. घरी येऊन दारूचा एक ग्रेन वाढवला, पुढच्या शनिवारी परत गेलो. तरी जुळेना. आणखी एक वाढवला. ग्रेन म्हणजे तरी किती? ग्रॅमचा पंधरावा भाग. दोन ग्रेन साखर चहात पडली तर जिभेला कळणारही नाही. आकडा जुळला. मी शीळ घालत गाडी चालवत घरी आलो.

मग वीस काडतुसं भरली. डब्यावर लेबल लावायचं होतं: गोळी, दारूचं वजन, भरणारा. भरणाऱ्यापुढे मी 'वि.' लिहिलं. आणि दारूच्या वजनापुढे तुझ्या वहीतला आकडा लिहिला. खरा लिहिला असता तर तू वीसच्या वीस फोडायला लावली असतीस, आणि वर तासभर ऐकवलं असतंस. मला ते ऐकायचं नव्हतं. एवढ्यासाठी, इनास. एक तास बोलणी खायला नकोत एवढ्यासाठी.

उन्हाळ्यात हात बरा झाल्यावर तू रेंजवर सराव केलास तो तुझ्या जुन्या, स्वतः भरलेल्या काडतुसांनी. माझी वीस आफ्रिकेसाठी राखून ठेवलीस. आपल्या नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांना सांगत सुटला होतास, "व्हिनी लोडेड दीज. हिज हँड्स आर क्लीनर दॅन माइन." एखादं उघडून तपासलं नाहीस. भिंतीवर ते वाक्य लिहिणारा तू, माझ्याबाबतीत तेवढा एकदा धरून चाललास.

तिथे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहिल्या दिवशी पहाटे नेम तपासायला दोन झाडलीस, गारव्यात दोन्ही सुरळीत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रायफल गाडीच्या टपावरच्या रॅकमध्ये उन्हात पडून होती. मग माग सापडला, तुम्ही उतरून चालत गेलात. रेडा चाळीस पावलांवर झुडपाआड उभा. तुझी गोळी खांद्यात लागली. तो वळला. तू बोल्ट ओढलास.

एअरपोर्टवर तुला घ्यायला मीच आलो होतो. तू वाळला होतास आणि दाढी पांढरी वाढली होती. गाडी चारशे एक नंबरच्या हायवेला लागली. बाहेर मोसमातला पहिला ओला बर्फ पडत होता, मी तू नव्हतास तेव्हा विंटर टायर्स कसे लावून घेतले ते सांगत होतो. मध्येच तू म्हणालास,

"पुंगळी अडकली, विन्या. बोल्ट उघडलाच नाही. एलिया माझ्यापुढे आठ पावलांवर होता."

आणि थांबलास. मान वळवून माझ्याकडे बघत राहिलास. मला सगळं कळलं. त्याच क्षणी, स्टिअरिंगवर हात असताना. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते हे:

"सॉलिड हवी होती. सॉलिड असती तर जागच्या जागी बसला असता. सॉफ्टचा काय भरवसा."

सॉफ्ट गोळी आत गेल्यावर फुलते आणि मोठी जखम करते. सॉलिड फुलत नाही, हाडं फोडत सरळ आरपार जाते. रेड्याला पहिली कोणती घालावी यावर जगभरचे शिकारी शंभर वर्षं भांडताहेत. त्या वादात मी त्या दिवशी उडी मारली, कारण लपायला दुसरी जागा नव्हती. केंब्रिजचं एक्झिट आलं. मग म्हणालास, "असेल."

कंपनीच्या शिकाऱ्याने रेडा पाडला, पण तोवर उशीर झाला होता. एलिया गाडीत, रस्त्यात गेला. त्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं, हे मला वहिनींकडून कळलं. तू सांगितलं नाहीस.

क्लबाच्या कमिटीपुढे तू स्वतःहून गेलास. तू दर शनिवारी नवीन लोकांना काडतुसं भरायला शिकवायचास, तो वर्ग तुझाच होता. तू उभा राहून म्हणालास की माझ्या काडतुसात दारू जास्त पडली, मोजण्यात माझी चूक झाली, एक माणूस गेला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्यांनी वर्ग तुझ्याकडून काढून घेतला. वर तो मला दिला. आणि दुसऱ्या दिवशी तू तुझा जुना पितळी तराजू घेऊन माझ्या दारात आलास, "वर्गाला लागेल" म्हणून. मी तो घेतला. थँक्यूसुद्धा म्हणालो. नऊ वर्षं मी त्या तराजूवर लोकांना शिकवतोय की लेबलावर तेच लिहा जे आत आहे.

मी स्वतःची समजूत काढली होती. इनासला वाटतंय की त्याच्या वहीतलंच वजन चुकलं. दोन ग्रेनचं त्याला माहीत नाही. आता सांगून एलिया थोडाच परत येणार आहे? उलट इनासला आणखी त्रास. बघ, किती विचार करायचो मी तुझा!

आणि मग ते सॉफ्ट-सॉलिड. नऊ वर्षांतले किती शनिवार आपण त्यावर घालवले? वहिनी जेवायला वाढायच्या आणि आपण पेपर नॅपकिनवर रेड्याचा खांदा काढत बसायचो, हाड कुठे, फुप्फुस कुठे. "मेल्यांनो, जेवताना तरी ते कत्तलखान्याचं बंद करा," वहिनी ओरडायच्या. एलियाचं नाव निघतंय असं वाटलं की मी पेन उचलायचो. तू कधी मध्ये आडवा आला नाहीस. मी सॉलिड म्हणायचो, तू सॉफ्ट म्हणायचास. लोकांना वाटायचं काय मैत्री आहे. मैत्री होतीच रे. तुझ्याइतका जवळचा माणूस मला या देशात मिळाला नाही, मागच्या देशातही नव्हता. वडील गेले तेव्हा मला तिकीट मिळेना, तर तू तेरा तास फोनला चिकटून बसलास. घटस्फोटानंतरचा अख्खा हिवाळा मी तुमच्या बेसमेंटमधल्या सोफ्यावर काढला, त्या बाकापासून सहा फुटांवर. तेव्हाही बोललो नाही.

नाताळात तुमच्याबरोबर चर्चमध्ये मिस्सेला यायचो. ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे रांगेने पुढे जायचे, वहिनी जायच्या, तुझी लेक जायची, तू बाकावर बसून राहायचास. पूर्वी तू सगळ्यांत आधी उठायचास. मी विचारलं तेव्हा गुडघ्यावर हात मारून दाखवलास. मी हिंदू, मला जायचंच नसायचं, तेव्हा मला आपलं बरं वाटायचं की बसायला सोबत आहे. आपण दोघं शेजारी शेजारी बसून लोकांचे बूट बघायचो.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी दुपारी वहिनी औषधाचं विचारायला बाहेर गेल्या होत्या. तुझा आवाज पार गेला होता. तू मला खूण करून जवळ बोलावलंस.

"विन्या, आपलं काही राहिलंय का?"

इतका सरळ प्रश्न. याहून सोपं करून कुणी कुणाला काय देणार? माझ्या ओठांवर आलं होतं, शपथ घेऊन सांगतो, आलं होतं. आणि मी हसून म्हणालो,

"सॉफ्ट की सॉलिड, तेवढंच राहिलंय."

तू बराच वेळ बघत राहिलास. एअरपोर्टवरून येताना गाडीत बघितलं होतंस तसंच. मग डोळे मिटलेस. "सॉफ्ट," म्हणालास. "पण दुसरी भरता आली पाहिजे."

वहिनी आत आल्या. फादर येणार होते, म्हणून मी कॉफी आणायला गेलो. संध्याकाळी तू गेलास.

तर, डबा. काल तो खाली घेतला. लेबल माझंच. दारूच्या वजनापुढे माझ्या अक्षरातला तो खोटा आकडा. 'भरणारा' यापुढचं 'वि.' मात्र पेनाने गिरगटून टाकलेलं आणि बाजूला तुझ्या तिरक्या अक्षरात 'इ.' लिहिलेलं. डब्यात सोळा काडतुसं. तीन रिकाम्या पुंगळ्या. दोन धड, तिसरीच्या कडेवर बोल्टने ओढून ओढून पडलेले चावे, आणि बूड सपाट झालेलं. शिवाय एक काडतूस उघडलेलं. गोळी वेगळी, पुंगळी वेगळी, दारू छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीवर चिकटवलेल्या कागदावर एवढंच: +२.

तुला माहीत होतं. आल्या आल्या तू एक उघडून मोजलं होतंस. कमिटीपुढे उभा राहिलास तेव्हा माहीत होतं, तराजू घेऊन माझ्या दारात आलास तेव्हा माहीत होतं. मी तुझ्या स्टुलावर बसून रडलो. आणि खरं सांगतो, त्या रडण्यात दुःखापेक्षा बरं वाटणं जास्त होतं. वाटलं, काय माणूस, माझं पाप स्वतःच्या नावावर घेतलं, नऊ वर्षं चकार शब्द काढला नाही, मला सांभाळलं. कृतज्ञतेने ऊर भरून आला वगैरे. तशाच अवस्थेत मी वर गेलो.

वहिनी किचनमध्ये शेजाऱ्यांची भांडी धुऊन लावत होत्या. लोकांनी आणून दिलेले डबे, प्रत्येकावर कुणाचा त्याची चिठ्ठी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रेंज, दोन ग्रेन, लेबल. तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं ते तुझ्यासमोर नाही, भांड्यांच्या ढिगासमोर. त्यांनी नळ बंद केला.

"मला माहितीये," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं."

"त्याने मला वाचवलं, वहिनी."

"वाचवलं?" त्यांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. "तिथल्या पोलिसांपुढे, इथल्या कमिटीपुढे तुझं नाव घेतलं नाही, कारण तुला नोकरी होती, घर मोडत होतं. तेवढं केलं त्याने. पण राग होता त्याला तुझ्यावर, विनायक. रोज होता. तू शनिवारी जेवून गेलास की खाली जाऊन एकटा बसायचा. एलिया त्याच्या मांडीवर गेला. आणि तू त्याला इथे बसून नॅपकिनवर चित्रं काढून दाखवायचास."

वहिनींनी पुढचा डबा हातात घेतला.

"मिस्सेत तो उठायचा नाही, ते गुडघ्यामुळे वाटलं तुला? मनात कुणाबद्दल राग धरून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. मी म्हणायचे, अरे तूच विचार ना त्याला एकदा, मोकळं कर. तर म्हणायचा, मी विचारून काढलं तर त्याला काय अर्थ, त्याने सांगायला पाहिजे. नऊ नाताळ गेले. तू शेजारीच बसलेला असायचास."

मी खुर्ची ओढून बसलो. विचारलं, "म्हणजे तो तसाच गेला?"

"नाही. शेवटी घेतला त्याने ख्रिस्तप्रसाद." वहिनी पदराने, नाही, त्या काल तुझा जुना स्वेटर घालून होत्या, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत होत्या. "तू कॉफी आणायला गेलास तेव्हा. फादर आत यायच्या आधी मला म्हणाला, विन्या आजही सॉफ्ट-सॉलिडच करतोय. आता वेळ नाही गं. त्याने माफी मागितली असं धरून चालतो."

मी उठून फडकं घेतलं. मी भांडी पुसली, त्यांनी चिठ्ठ्या लावल्या. निघताना त्या म्हणाल्या, "एलियाच्या बायकोला कुणीतरी कळवायला पाहिजे. तिला अजून वाटतंय की इनासने चूक केली." मी म्हणालो मी कळवतो. त्यांनी नाताळच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून पत्ता काढून दिला. मला त्यांनी माफ केलं की नाही ते त्या बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. नेहमी दर शनिवारी ये म्हणतात, काल म्हणाल्या नाहीत.

आज सकाळी परत खाली गेलो. ती सोळा काडतुसं मी तुझ्या बाकावर एकेक करून फोडली. गोळी काढली, दारू तुझ्या तराजूवर ओतली, तो मी घरून बरोबर नेला होता. सोळाच्या सोळा मोजली. प्रत्येकात बरोबर दोन ग्रेन जास्त, एकातही केसभर इकडेतिकडे नाही. माझे हात साफ आहेत असं तू म्हणायचास, ते खरं होतं बघ. मग लेबलावरचं 'इ.' खोडलं, 'वि.' लिहिलं, वजन खरं लिहिलं. त्याचा फोटो काढून एलियाच्या बायकोला लिहिलेल्या पत्रात घातला. दुसरा क्लबाला पाठवला. शनिवारचा वर्ग आता माझ्याकडे राहणार नाही.

पण हे सगळं जिवंत माणसांचं झालं. तुझं राहिलंच. सबंध आयुष्यात दोनदा तू न मोजता धरून चाललास, इनास, आणि दोन्ही वेळा माझ्याबाबतीत. पहिल्यांदा मी लेबलावर लिहिलेला आकडा खरा धरलास, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. दुसऱ्यांदा मी न उच्चारलेला शब्द उच्चारला असं धरलंस. तोही खोटाच होता, मी तेव्हा खाली मशीनसमोर कॉफीत दूध घालत उभा होतो. या वेळी तरी तुला धरून चालायला लागू नये.

ते दोन ग्रेन मी घातले. लेबलावर खोटं मी लिहिलं. एलिया माझ्यामुळे गेला, आणि हे मला त्या दिवशी चारशे एकवर, तू माझ्याकडे बघत होतास तेव्हाच कळलं होतं. मला माफ कर. धरून चालू नकोस, इनास. मागतोय मी.